समासातलं प्रश्नचिन्ह

औषधांच्या दुकानात ती आपल्या वडिलांच्या, अण्णांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली उलटीसुलटी करून तिच्यावरची तारीख शोधत होती, तेवढ्यात फोन वाजला आणि एका अनोळखी मुलीनं, आपण कोण, कुठून बोलतोय हे काहीच न सांगता, एका दमात विचारलं, "मॅडम, तुमची ती रेघ खरी आहे का हो?"

कोणती रेघ, असं तिनं विचारलं नाही. नोकरीच्या पस्तीस वर्षांत तिनं चौदा हजारांवर रेघा मोजल्या होत्या. प्रयोगशाळेत शिपायापासून संचालकापर्यंत सगळे तिला रेघाताईच म्हणत, आणि निवृत्तीच्या समारंभात तिचं खरं नाव पुकारलं तेव्हा दोघा-तिघांनी मागे वळून पाहिलं होतं, ही कोण नवीन म्हणून. त्या चौदा हजारांत, खरी की खोटी असा प्रश्न पडावा अशी रेघ एकच होती. काउंटरमागचा माणूस विचारत होता, "हीच देऊ ना, ताई?" मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी घसा साफ केला. "हीच," ती म्हणाली, आणि आपण हे नक्की कुणाला म्हणालो हे तिचं तिलाच कळलं नाही. तळहाताला दरदरून घाम फुटला होता. अठ्ठावन्न... नाही, आता एकसष्ट वर्षांच्या बाईला एका रेघेच्या नावानं घाम फुटावा हे काही शोभण्यासारखं नव्हतं.

दुकानाच्या पायरीवर येऊन तिनं फोन कानाशी धरला. मुलगी वेधशाळेत काम करत होती. बोलण्याचा वेग असा की शब्द एकमेकांच्या टाचांवर पाय देत होते. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे गाभे, प्रत्येकी सूर्याहून जड आणि तरी एका शहराच्या हद्दीत मावतील एवढे, एकमेकांभोवती फिरत फिरत अखेर आदळले होते. आदळताना जे उडालं त्यात जड मूलद्रव्यं शिजली, आणि तो लोळ काही दिवस उजळून हळूहळू लाल होत विझला. त्याचा उजेड या लोकांनी पकडून, फाकवून, कागदावर मांडला होता. हे सगळं रेघाताईला माहीत होतं. प्रत्येक मूलद्रव्य आपापला ठरलेला रंग गिळतं आणि त्या जागी उजेडात काळी रेघ राहते, त्या रेघेवरून ते ओळखायचं, हे तर तिचं पोटापाण्याचं काम. अडचण अशी की ताऱ्यांतून उडालेला माल प्रकाशाच्या पंचमांश वेगानं सुटलेला असतो, त्यामुळे बारीक रेघा तशा राहत नाहीत. ओल्या शाईवरून बाही फिरावी तशा त्या फिसकटून जातात. रेघ कसली, नुसता उथळ खड्डा.

"आमच्या उजेडात असा एक खड्डा आहे," मुलगी म्हणाली. "वेगाचा हिशेब काढून मागे आणला ना मॅडम, की बरोबर तुमच्या रेघेवर येऊन बसतो. सिरियम. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला सिरियम. त्याच्या दुसऱ्या दोन रेघा सगळ्यांच्या तक्त्यांत आहेत. त्यांचे खड्डे आहेत आमच्याकडे, पण ते एकमेकांत मिसळलेत, त्यांचं कुणी ऐकत नाही. हा तिसरा एकटा उभा आहे. आणि ही तिसरी रेघ जगात फक्त तुमच्या तक्त्यात आहे. तिच्यापुढे प्रश्नचिन्ह घातलंय."

"हो," ती म्हणाली. "घातलंय."

"दुसरा गट म्हणतोय की तो खड्डा दुर्बिणीचा दोष आहे. रेघ खरी असेल तर आम्ही छातीठोक लिहू की या उजेडात सिरियम आहे. नसेल तर त्यांचं बरोबर, आणि आमची दोन वर्षं पाण्यात. लेख परवा सकाळी जायचाय. मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं याला काडीची किंमत नाही," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी सांगते." आणि फोन ठेवल्यावर तिला वाटलं, अगदीच तोडून टाकलं पोरीला. दोन शब्द गोड बोलता आले असते. पण गोड बोलायला तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बाहेर पडलं असतं: हो, खरी आहे, माझी आहे, बत्तीस वर्षं मी हेच सांगत आलेय.

घर दहा मिनिटांवर होतं. तिनं लांबचा रस्ता धरला. अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात ते तिला आज अक्षरशः जाणवत होतं. ब्लाउजच्या बाह्या घट्ट झाल्यासारख्या वाटत होत्या. आकाशात कुठेतरी, ज्याच्या अंतराला शून्यं लिहिता लिहिता हात दुखावा इतक्या लांब, दोन तारे फुटतात, आणि त्यात काय आहे हे विचारायला माणसं कुणाकडे येतात, तर थेंबांची बाटली घेऊन पायरीवर उभ्या असलेल्या एका बाईकडे. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पाटीत अजून जुन्या पद्धतीची निऑनची नळी होती. तिच्याकडे पाहताना नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यात त्या तांबड्याचे तुकडे पडले, सहाशे चौदा, सहाशे चाळीस. रस्त्यावरचे पिवळे दिवे मात्र जाऊन आता पांढरे आले होते, एकही रेघ नसलेले, कुणालाच न दुखावणाऱ्या माणसासारखे गुळमुळीत. तिला ते आवडत नसत. उजेडानं कसं, आपण कोण ते सांगावं. आणि चालता चालता मांस जसं चढलं तसं उतरायला लागलं, कारण मनाच्या तळाशी कुणीतरी शांतपणे विचारत होतं: आपला तो बाब्या. सगळ्यांनाच आपला बाब्या खरा वाटतो. तुझ्याजवळ पुरावा काय?

पुरावा म्हणजे एक काळी चकती. प्रयोगशाळेतला, मिलिमीटरला सहाशे ओरखडे मारलेला जो आरसा उजेड फाकवतो, त्याला एक खोड आहे. अर्ध्या लांबीच्या लहरीची रेघ तो दुप्पट लांबीच्या जागी पुन्हा एकदा उमटवतो. तिथं खरं काही नसतंच. त्याला ते लोक भूत म्हणत. भूत अडवायचं तर वाटेत सिलिकॉनची चकती बसवायची: हातात घेतली तर आरशासारखी काळी चकचकीत, आरपार काहीच दिसत नाही, पण डोळ्याला न दिसणारा लांब लहरींचा उजेड तिच्यातून बिनदिक्कत जातो. चकती आत, तर भूत बाहेर. तिची ती रेघ अशाच न दिसणाऱ्या उजेडातली होती, आणि तिच्या बरोबर निम्म्यावर अर्गॉनची एक दांडगी रेघ बसलेली होती. ज्या दिव्यात सिरियम पेटवायचा त्यात थोडा अर्गॉन वायू भरावाच लागतो. म्हणजे एक तर ती सिरियमची खरी रेघ होती, नाहीतर अर्गॉनचं भूत. त्या दिवशी चकती आत होती का? तिला अजून बोटांना तिचा गारवा आठवत होता, ती खाचेत बसताना होणारा टक् असा आवाज आठवत होता. पण तो टक् त्याच दिवशीचा की दुसऱ्या शंभर दिवसांपैकी एखादा, हे बोटं कशी सांगणार?

दार उघडता उघडताच नवरा म्हणाला, "थेंब आणायला गेलीस की विहीर खणायला?" टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. उशिरावर बोलायचा हक्क आपलाच, असं तो म्हणे. तिनं फोनचं सांगितलं. तो कणीक मळत होता, तसेच पिठाचे हात घेऊन बाहेर आला. "कोणती रेघ? ती? तुझ्या सरांनी प्रश्नचिन्ह मारलं होतं ती?" त्याला ती गोष्ट पाठ होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यानं ती ऐकली होती, नंतर मुलीनं ऐकली, जावयानं ऐकली, प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसानं ऐकली. तिनं एकोणतिसाव्या वर्षी एक रेघ शोधली आणि सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, तिच्यावर प्रश्नचिन्ह मारलं. "मग आता सांग ना तिला, की खरी आहे म्हणून! कशाला घोळ?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"बत्तीस वर्षांत मोजली नाहीस?"

त्यानं अगदी सहज विचारलं आणि तो पुन्हा कणकेकडे गेला. ती थेंब घेऊन आतल्या खोलीत आली, पण सवाल तिच्या मागोमाग आला. सांगण्यासारखं बरंच होतं. दुसऱ्याच आठवड्यात दिव्याची काच तडकली. मग ते यंत्र सहा वर्षं मिश्रधातूंच्या तपासणीसाठी दुसऱ्या विभागानं नेलं. मग बाळंतपण. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यानंतरची वीस वर्षं यंत्र तिच्याच ताब्यात होतं, चकती तिच्याच कपाटात होती, दिवा दुरुस्त होऊन आला होता, आणि एक सकाळ, फक्त एक सकाळ लागली असती. भीती वाटत होती, झालं. प्रश्नचिन्ह होतं तोवर रेघ तिची होती. मोजली आणि भूत निघालं, तर गोष्ट सांगायचीही सोय उरली नसती. चौदा हजार वेळा जिनं काट्यावर काटा ठेवून मोजलं, तिनं एवढ्या एका ठिकाणी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही आत्ताच सांगत होती, अण्णांची पापणी बोटानं उचलून धरताना.

अण्णा एक्क्याण्णव वर्षांचे होते आणि चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. आता नजर इतकी अधू झाली होती की समोर कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखत. सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नसे, पण अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर आपल्या हातून एक काना सुटला होता ते त्यांना अजून सलत असे. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी तिला कामाला लावलं होतं. गणिताचे तक्ते छापायला आले की घरी घेऊन येत. ती मूळ कागदावरून मोठ्यानं आकडे वाचायची, चार शून्य सात दोन, चार शून्य सात सहा, आणि ते छापील कागदावर बोट ठेवून ऐकत. वाचताना सूर बदलायचा नाही, अर्थ लावायचा नाही, जे दिसतं तेच म्हणायचं. अण्णांचे नियम थोडे होते आणि ते कायद्यासारखे होते. चूक आहे याची खात्री असेल तर खोडा. नुसतं खटकत असेल, तर खोडायचा हक्क आपला नाही, समासात प्रश्नचिन्ह घाला. कुणी बरोबर मजकूर चुकून खोडला असेल, तर त्याच्याखाली टिंबांची ओळ द्या आणि समासात लिहा, असू दे. आणि प्रश्नचिन्ह ज्यानं घातलं त्यानंच, उत्तर मिळाल्यावर, काढायचं. दुसऱ्या कुणी ते परस्पर काढलं तर अण्णा दिवसभर जेवायचे नाहीत. तिचा सिरियमचा तक्ताही छापण्याआधी त्यांनीच तपासला होता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिनं वाचलेल्या आकड्यांवर बोट फिरवत. त्या रेघेपाशी ते क्षणभर थांबले होते, "हं" म्हणाले होते, आणि मग बोट पुढे गेलं होतं.

"लक्ष कुठंय?" अण्णांनी विचारलं.

"इथंच आहे."

"थेंब गालावर पडला."

सकाळी नऊ वाजता ती प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर होती. तिच्या हाताखाली शिकलेला मुलगा आता तिथला प्रमुख होता. त्यानं फोनवर, "विचारता काय, ताई, तुमचीच खोली आहे," असं म्हटलं होतं. किल्ली घेऊन काचमिस्त्री दारातच उभे होते. दिव्यांच्या नळ्या फुंकणारे, वाकवणारे, जोडणारे हे मिस्त्री तिच्याच वयाचे. त्यांची नोकरी संपली होती तरी त्यांच्यावाचून अडत असल्यानं ते अजून येत. "सिरियमचा दिवा पाहिजे म्हणे तुम्हाला," ते म्हणाले. "दोनदा लोकांनी भंगारात काढला होता. दोन्ही वेळा मी उचलून माझ्या फळीवर ठेवला. म्हटलं रेघाताई कधीतरी येणार."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"निरोप समारंभात सगळ्या दिव्यांना हात लावलात. याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माणूस भांडलेल्या भावालाच असं टाळतो."

मिस्त्री दिव्यातली हवा काढणारा पंप लावायला गेले आणि ती कपाटाशी गेली. जुन्या नोंदवह्या सगळ्यात खाली होत्या, हिरव्या कापडी पाठीच्या. वास तोच होता: शाई, धूळ, आणि पूर्वी कागदी पट्टीवर आपोआप रेघ ओढणाऱ्या पेनाचं तेल. तारीख तिला पाठ होती. पान सापडलं. प्रत्येक मोजणीची एक ओळ, आणि उजवीकडच्या टोकाला चकतीचा रकाना: आत, बाहेर, आत, आत. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि उजवीकडे सरकवत नेलं. रकाना कोरा होता. तिच्या अक्षरात सगळं होतं, वेळ, दाब, विजेचा प्रवाह, आणि नेमका तोच रकाना कोरा. किती पोरांना तिनं या एका गोष्टीवरून फैलावर घेतलं होतं! नोंद नाही म्हणजे घडलंच नाही, असं ओरडून सांगितलं होतं. आणि या पानावर, एकोणतिसाव्या वर्षी, रेघ दिसल्याच्या आनंदात, तीच चुकली होती.

पण तिची नजर तिथं थांबली नाही, कारण त्या ओळीवर आणखी काहीतरी होतं. संपूर्ण ओळीवरून लाल पेन्सिलीची एक जाड फुली गेली होती. सरांची पेन्सिल. म्हणजे सरांनी प्रश्नचिन्ह घातलंच नव्हतं. त्यांनी रेघ खोडली होती. आणि खोडलेल्या आकड्यांखाली, निळ्या शाईत, एकसारख्या अंतरावर, टिंबं होती. समासात तिच्याच अक्षरात दोन शब्द, असू दे, आणि त्यांच्यापुढे एक प्रश्नचिन्ह, खालचा ठिपका असा दाबून दिलेला की कागदाला मागून भोक पडलं होतं.

ती स्टुलावर बसली. सगळं परत आलं, आणि ते सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या गोष्टीपेक्षा वेगळं होतं. सर खिडकीशी उभे होते, पाठमोरे. "अहो बाई, हे अर्गॉनचं भूत आहे. नोंद नाही, पुरावा नाही. एका रेघेपायी अख्खा तक्ता नासवायचा नाही. काढून टाका." सरांचं चुकलं नव्हतं. सर वाईट तर मुळीच नव्हते. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं. ती "बरं सर" म्हणून खाली आली होती. वही उघडली होती. आणि खोडलेल्या ओळीकडे बघताना तिला खात्री नव्हती, हे तिला स्वच्छ आठवलं. रेघ खरी आहे याची खात्री नव्हती आणि भूत आहे याचीही नव्हती. खटकत होतं फक्त. अशा वेळी खोडायचा हक्क कुणाचाच नाही, सरांचाही नाही, असं वाटून तिनं पेन उचललं होतं. टिंबं देताना कान तापले होते. दोन दिवसांनी वही सरांकडे सहीला गेली. तिनं आता पान उजेडाकडे धरलं. तळाशी, कोपऱ्यात, त्याच लाल पेन्सिलीत सरांची आद्याक्षरं होती आणि दोन दिवसांनंतरची तारीख. त्यांनी टिंबं पाहिली होती. काही न बोलता सही केली होती. बत्तीस वर्षं ती ज्याला आपला अपमान म्हणून मिरवत आली, तो तिचाच हट्ट होता, आणि सरांनी तो चालवून घेतला होता. पाच वर्षांपूर्वी सर वारले, तेव्हा त्यांच्या घरीही तिनं कुणाला तरी हीच गोष्ट सांगितली होती, या आठवणीनं तिला ओशाळल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोला, आतून एक ऊब वर चढत होती. त्या एकोणतीस वर्षांच्या पोरीचा तिला अभिमान वाटत होता. भारीच होती की कार्टी!

"झालं का वाचन?" मिस्त्रींनी हाक मारली. "दिवा तापलाय."

आधी चकतीशिवाय. दिवा जांभळट पेटला होता, त्याच्या गळ्याशी अर्गॉनची गुलाबी झाक. आता कागदी पट्टी नव्हती, पडदा होता, आणि त्यावर हिरवी ओळ डावीकडून उजवीकडे सावकाश लिहिली जात होती. रेघा एकेक उभ्या राहिल्या. ओळखीच्या दोन सिरियमच्या, आणि मग त्या जागी तिसरी, उंच, निमुळती. याला अर्थ नव्हता. भूतही असंच उंच दिसतं. तिनं कपाटातून डबी काढली, मऊ कापड उलगडलं आणि चकती कडांना धरून वर उचलली. काळ्या आरशात तिचा चेहरा दिसला, एकसष्ट वर्षांचा, चष्मा कपाळावर. मग तिनं ती खाचेत बसवली. टक्.

"आणि भूत निघालं तर?" मिस्त्रींनी विचारलं.

"तर भूत निघालं म्हणून सांगायचं."

"सांगाल?"

"सांगेन," ती म्हणाली, आणि हे म्हणताना आवाज कापला नाही याचं तिला बरं वाटलं.

ओळ निघाली. चकती निम्मा उजेड परतवते, त्यामुळे सगळ्या रेघा निम्म्या उंचीच्या यायच्या हे तिला माहीत होतं. पहिली सिरियमची रेघ निम्मी आली. दुसरी निम्मी आली. मग बराच वेळ सपाट. इतका सपाट की तिला वाटलं जागा निघून गेली. ती पाय घट्ट रोवून उभी होती, दोन्ही हात टेबलावर. तिनं काही मागितलं नाही. मागून रेघ येत नसते. हिरवी ओळ थबकल्यासारखी झाली आणि वर चढू लागली. चढली, टोक केलं, उतरली. निम्मी. बरोबर निम्मी, दोन्ही बहिणींसारखीच. भूत असतं तर पार पुसलं गेलं असतं. थोडं भूत आणि थोडं खरं असतं तरी निम्म्याहून खुजी आली असती. ही नखशिखांत सिरियमची होती.

तिनं चकती काढली, घातली, पुन्हा मोजलं. पाच वेळा. पाचव्या वेळी मिस्त्री म्हणाले, "ताई, हातच्या काकणाला आरसा कशाला? आली ना?"

"आली," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही. आपण लाल पेन्सिलीसमोर मान खाली घालून टिंबं दिली होती, आणि ती टिंबं खरी होती. अगदी साध्या, पोरकट अभिमानानं तिचं मन भरून आलं आणि तिनं ते भरू दिलं. मग तिनं वही ओढली, आजची तारीख घातली, पाचही मोजण्या लिहिल्या, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं: आत. बत्तीस वर्षांपूर्वीच्या कोऱ्या रकान्यात मात्र काही भरलं नाही. तो कोराच राहायला हवा होता.

दुपारी तिनं वेधशाळेत फोन लावला. "खरी आहे," ती म्हणाली. पलीकडे मुलगी मागे कुणाला तरी ओरडून सांगत असल्याचा आवाज आला, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी टाळ्या पिटल्या. "मॅडम, मग मी आमच्या तक्त्यातलं ते प्रश्नचिन्ह काढू?"

"तू नाही काढायचंस. मी नवा तक्ता पाठवते, मोजण्यांसकट. त्यात ते नसेल. आणि खाली लिहायचं, दिवा काचमिस्त्रींनी जपला म्हणून मोजता आलं."

"लिहीन. मॅडम, एक सांगू? बाकीच्या सगळ्यांनी ही रेघ गाळली होती. संशयास्पद म्हणून. तुम्ही ठेवलीत. आमच्याकडे खड्डा होता आणि जगात त्याला बसेल असं काहीच नव्हतं, फक्त तुमच्या पानावर..."

"अगं, जेवलीस का सकाळपासून?" रेघाताईनं विचारलं. "नाही ना? जेव आधी. तारे काही आता परत फुटत नाहीत."

घरी येताना ती जवळच्या रस्त्यानं आली. पिशवीत नव्या तक्त्याचा कागद होता. नवऱ्यानं तोंडाकडे पाहूनच ओळखलं आणि म्हणाला, "बघ, मी कालच सांगत होतो." त्याला खरी गोष्ट सांगायला हवी होती, सरांची, फुलीची, टिंबांची. जावयाला, मुलीला, सगळ्यांना नव्यानं सांगायला हवी होती, आणि आपण इतकी वर्षं ती उलटी सांगितली हेही त्यात सांगायला हवं होतं. सांगू. पण आधी ती आतल्या खोलीत गेली. अण्णा खिडकीशी बसले होते, उजेडाकडे तोंड करून.

"अण्णा, एक तक्ता तपासायचाय. छपाईला जातोय. मी वाचते."

"माझ्या डोळ्यांनी काय तपासणार?"

"कानांनी."

ते सावरून बसले. उजव्या हाताचं बोट त्यांनी समोरच्या रिकाम्या टेबलावर ठेवलं. तिनं वाचायला सुरुवात केली, सूर न बदलता, अर्थ न लावता, एकेक आकडा सुटा, नऊ वर्षांची असताना वाचायची तसा. लाकडावर बोट ओळीओळीनं खाली सरकत होतं. बाहेर कुठंतरी पाण्याचा पंप चालू झाला. ती त्या रेघेपाशी आली. आकडे वाचले, आणि पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला.

"थांब," अण्णा म्हणाले. बोट थांबलं होतं. "इथं प्रश्नचिन्ह होतं."

"होतं."

"कुणी काढलं?"

"जिनं घातलं होतं तिनं."

अण्णांच्या बोटानं टेबलावरच्या त्याच जागी दोनदा हलकेच टिचक्या मारल्या. मग ते बोट एक ओळ खाली सरकलं.

"मग बरोबर," ते म्हणाले. "वाच पुढं."